तेरा खिडक्यांची भिंत

२८ ऑक्टोबर १९४४
इटली. गावाचं नाव लिहायला मनाई हाय.

उस्ताद चाँद पाशा, मुक्काम हट्टा, यांना संतरामचा सलाम.

मी बरा हाय. बाकी खुशाली मागून लिहितो, पहिलं हे ऐका. किसनराव मालकांच्या नव्या घराची पुढची भिंत थांबवा. जिथवर आली असंल तिथंच थांबवा. वर एक थरपण चढवू नका.

तुमचं पत्र परवा मिळालं. तुमचं म्हणजे मालकांनी त्यांच्या अक्षरात लिहिलेलं. तुमाला मराठी वाचता येत न्हाई, मला उर्दू येत न्हाई, म्हणून आपल्या दोघांच्या मध्ये मालक बसलेत. त्यांनी लिहिलंय, ‘तुझं जुलैचं पत्र ओसरीवर चार माणसांत वाचून दाखवलं. इटलीतल्या कोठीचं वर्णन सगळ्यांना पसंत पडलं. आपलं नवं घर हुबेहूब तसंच करायचं ठरवून दसऱ्याला पाया धरला. पुढच्या भिंतीला वर सात खिडक्या, खाली सहा आणि मधोमध दार. भिंत दीड हात जाड. दर्शनी बाजूला लोखंडी फुलं. चौकटी वाशिमच्या सुताराला सांगितल्या आहेत. चाँद पाशा म्हणतो, पोरानं डोळ्यानं पाहिलंय तर बराबर असंल.’

उस्ताद, पत्रावरून कोणी घर बांधतं का? मी तुमाला बकरीचं वर्णन लिहिलं असतं तर तुमी दूध काढायला बसले असते काय? गावाकडची आठवण आली म्हणून चार ओळी खरडल्या. समोर मोठी कोठी होती, तिच्याबद्दल लिहिलं. उद्या कोणी तिच्यावर पाया धरंल हे मला कसं कळावं?

आता काय झालं ते सांगतो. ह्या कोठीत हल्ली जखमी शिपायांचा दवाखाना हाय. काल वरच्या दालनाच्या छताचा गिलावा एका खाटेवर पडला. कॅप्टन साहेबांनी आमच्या पूल-रस्ते बांधणाऱ्या सफरमैना पलटणीत विचारलं, गवंडी कोण हाय. मी हात वर केला. आत गेलो. आधीपण गेलो होतो, पण तेव्हा नीट पाहिलं नव्हतं.

वरच्या मजल्यावर पुढच्या बाजूला उजेड येणाऱ्या खिडक्या मोजल्या तर चार. खाली उतरून बाहेरून मोजल्या तर सात. पुन्हा वर गेलो, चार. पुन्हा खाली, सात. तिसऱ्या खेपेला खाटेवरचा एक गोरा हसायला लागला. मला वाटलं खोल्या बंद करून ठेवल्या असतील. मग शिडी लावली आणि बाहेरून हात लावला. हाताला चुना लागला. खिडकी न्हाईच. रंग हाय. हिरवी झडप, झडपेच्या आडव्या पट्ट्या, पट्ट्यांखालची सावली, एक झडप थोडी उघडी, सगळं रंगात. वर तीन आणि खाली दोन, अशा पाच खिडक्या खोट्या हायेत. एकीच्या काठावर मांजर बसलंय. जुलैत मी लिहिलं होतं की ह्या घराचं मांजर लई गरीब हाय, कधी बघावं तेव्हा एका जागी बसलेलं असतं. तेपण रंगाचंच हाय.

म्हणजे भिंतीला तेरा भोकं न्हाईत, आठच हायेत आणि एक दार. लांबीपण तुमच्या भिंतीच्या दुप्पट हाय. ह्याच कागदाच्या मागल्या बाजूला लांबी-रुंदीची मापं लिहून भिंतीचं चित्र काढलंय, खोट्या खिडक्यांवर फुली मारलीय. ते पाहून ठरवा. वर माळवदाची माती पडायच्या आधी ठरवा.

किसनराव मालक, तुमाला हात जोडून सांगतो, हे पत्र अख्खं वाचून दाखवा. तुमाला न आवडणाऱ्या ओळी गाळायची तुमची सवय मला म्हाईत हाय.

इथं थंडी पडायला लागली. चाँदबी चाचींना सलाम.

तुमचा संतराम

•

१९ डिसेंबर १९४४

उस्ताद चाँद पाशा यांना सलाम.

ह्या वेळी कागदाच्या एकाच बाजूला लिहितो. कारण सांगतो.

मालकांचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलंय की माझ्या पत्राला मधोमध भोक पडलेलं होतं, वीतभर लांब आणि चार बोटं रुंद. म्हणजे लष्कराच्या कातरवाल्या साहेबांनी मागचं चित्र कापलं आणि त्याच्याबरोबर पुढच्या बाजूच्या ओळी गेल्या. रंगाची गोष्ट गेली, मापं गेली, मांजर गेलं. राहिलं काय, तर ‘भिंत थांबवा’. कारण न्हाई, काही न्हाई, नुसतं थांबवा. आणि त्यावर तुमी म्हणले, ‘पोराच्या डोक्यातला राग अजून गेला न्हाई. त्याच्याबिगर मी बांधून राहिलो म्हणून त्याला सहन होईना.’

मी कातरवाल्या साहेबांकडं गेलो. म्हणलं, साहेब, ते चित्र काहून कापलं? ते म्हणले, मकानाचा नकाशा शत्रूच्या हाती लागला तर? आता शत्रू तीन महिने ह्याच मकानात राहून गेलाय. खालच्या तळघरात त्याच्या रिकाम्या बाटल्या अजून पडल्यात. त्याला नकाशा कशाला लागतो? पण हे मी साहेबांना म्हणलो न्हाई. फौजेत काय म्हणायचं न्हाई तेवढं मी शिकलोय. तुमच्याकडं असताना तेवढंच शिकलो न्हाई.

तर आता नकाशा न काढता, नुसत्या तोंडी बोलीनं सांगतो. कान देऊन ऐका.

ह्या कोठीला इथं विल्ला म्हणतात. राखण करणारा म्हातारा हाय, नेल्लो नावाचा. बाप-आज्यापासून ह्याच मालकाची जमीन बटईनं करतात, निम्मं पीक मालकाचं, निम्मं ह्यांचं. ऐकून मला वाटलं मी आपल्याकडच्या साखरा गावातच बसलोय. हवालदार धर्मसिंग ह्यांना थोडी इटलीची बोली येते, ते मध्ये बसले आणि मी नेल्लोला विचारलं, खिडक्या रंगवल्या काहून? खऱ्या पाडायला काय झालं होतं?

तो म्हणला, पाडायला जागा कुठं हाय? मग मला हाताला धरून सगळं घर दाखवलं. उस्ताद, हे घर एका खेपेत बांधलेलंच न्हाई. डाव्या अंगाला एक बुरूज होता, पाचशे वर्षांचा, धान्य ठेवायला आणि टेहळणीला. उजव्या अंगाला कुणब्यांची दोन घरं होती, एक उंच, एक बुटकं. मग तीनशे वर्षांमागं शहरातला एक लोकरीचा व्यापारी आला. त्यानं तिन्ही विकत घेतली आणि पाडायच्या ऐवजी त्यांच्या पुढून एकच लांब भिंत ओढली. जुन्या माणसाला नवा अंगरखा घालावा तशी. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की एकच घर हाय, सरळ, एका ओळीत खिडक्या. पण आत बुरुजाची भिंत चार हात जाड, तिच्यासमोर खिडकी पाडून दिसणार काय? दुसऱ्या ठिकाणी जिना आडवा येतो. तिसऱ्या ठिकाणी त्या दोन घरांच्या मजल्यांची जमीन एका पातळीत न्हाई. तिथं तिथं रंगवल्या. नेल्लो म्हणला, एक खिडकी हवेला लागते, एक डोळ्याला लागते, डोळ्याची रंगात भागते.

आता फुलांचं ऐका. जुलैत मी लिहिलं होतं की भिंतीवर हातभर लांबीची लोखंडी फुलं शोभेला लावलीत. मालकांनी लिहिलंय की तशी सहा फुलं भीमसिंग लोहाराकडून करून घेतली, भिंतीत ठोकलीपण, आणि लोक बघायला येऊन राहिले.

ती शोभेची न्हाईत, उस्ताद. शंभर वर्षांमागं धरणीकंप झाला आणि ती नवी भिंत जुन्या घरांपासून सुटून पुढं झुकली. तेव्हा घराच्या आरपार, ह्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत, मनगटाएवढ्या लोखंडी सळ्या ओवल्या आणि दोन्ही टोकांना ती फुलं पाचर मारून आवळली. सळ्या छताच्या वरून गेल्यात, म्हणून खालून दिसत न्हाईत. ते फूल म्हणजे गाठ हाय. आणि तुमी नुसती गाठ भिंतीला चिकटवली. दोराच कुठं न्हाई.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, ही भिंत बासष्ट हात लांब हाय, तुमची तीस. म्हणून इथं दोन खिडक्यांच्या मध्ये साडेपाच हात दगड हाय. तुमच्या भिंतीत तेवढ्याच रुंदीच्या खिडक्या बसवल्या तर मध्ये दीड हात उरतो. दीड हातावर काय उभं राहणार? दोन, इथं छताला लाकडं आणि वर कौलं हायेत, हलकी. तुमी माळवद करणार, हातभर पांढरी माती, पावसात भिजली की दुप्पट वजन. तीन, भिंत दीड हात जाड न्हाई, जास्त हाय. किती ते बघून कळवतो.

मालक, हे तुमाला लिहितो. पाच खिडक्या बुजवायला सांगा. उस्तादांना कळतं, तुमी फक्त मध्ये पडू नका.

परवा बर्फ पडलं. इथं लिंबाच्या झाडांना कुंडीत लावतात आणि थंडीत एका लांब खोलीत आणून ठेवतात, शेगडी पेटवून. झाडांसाठी वेगळं घर. हेपण बांधायला घेऊ नका.

संतराम

•

६ फेब्रुवारी १९४५

उस्ताद,

हे पत्र मालकांच्या घरी न्हाई, कनेरगावला तुमच्या जावयाकडं धाडलंय. नासेरभाई, तुमी इंग्रजी मुलखाच्या हद्दीवर करोडगिरीच्या जकातनाक्यावर मराठी चिठ्ठ्या वाचता, तशीच ही वाचा. स्वतः हट्ट्याला जा आणि उस्तादांना समोर बसवून एकेक ओळ वाचा. बैलगाडी मिळाली न्हाई तर चालत जा. मालकांच्या चौकटी वाशिमहून आल्या तेव्हा तुमीच नाक्यावरून सोडल्या ना? मग एवढं तर करा.

मालकांचं शेवटचं पत्र आलं. लिहितात, ‘खोटी खिडकी हा भिकाऱ्याचा थाट आहे. हट्ट्यात आमच्या शब्दाला वजन आहे. आमच्या घराच्या तेराही खिडक्या उघडतील आणि मिटतील. भिंत पूर्ण झाली, चौकटी बसल्या. होळी झाली की वाशिमचे सोयरे घर बघायला येणार आहेत, मग माळवदाची माती टाकायची आणि पाडव्याला पूजा.’ आणि शेवटी, ‘चाँद पाशाला तुझं पत्र ऐकवलं. तो म्हणाला, पोराचं बोलणं दर खेपेला बदलतं. आणि ते घर तीनशे वर्षं उभं आहे असं त्यानंच लिहिलंय. माझं कोणतंच काम अजून चाळीस वर्षांच्या वर गेलं नाही, तर मी कोण त्याला चूक म्हणणारा.’

मला म्हाईत न्हाई मालकांनी माझं किती वाचलं. सळ्यांचं वाचलं का? मातीच्या वजनाचं वाचलं का? त्यांच्या पत्रात त्याचा एक शब्द न्हाई. खोट्या खिडक्यांचा त्यांना राग आला, म्हणजे तेवढं वाचलं.

आता ह्या पत्रात गाळणारं कोणी न्हाई. म्हणून लिहायला जड जातंय. कालपासून चार कागद फाडले. मालक मध्ये होते तेव्हा सोपं होतं, अर्धं आपण लपवावं, अर्धं ते गाळतील.

उस्ताद, जुलैत मी त्या घरात राहत होतो असं लिहिलं, ते खोटं. मी खेचरांच्या तबेल्यात राहत होतो आणि अजून तिथंच राहतो. घर दोन शेतं लांब होतं. आत जायची आमाला परवानगीच नव्हती. पाण्याच्या हौदापाशी बसून मी ते पाहिलं आणि लिहिलं. खिडक्या लांबून मोजल्या, तेवढं खरं. रुंदी मोजली न्हाई. लांबी मोजली न्हाई. भिंत दीड हात जाड हाय हे तर मी बसल्या जागी ठोकून दिलं, हट्ट्याला ऐकायला बरं वाटावं म्हणून. पहिल्यांदा त्या भिंतीला हात लावला तो ऑक्टोबरात, गिलावा पडला तेव्हा. ‘आधीपण गेलो होतो’ असं त्या पत्रात लिहिलं तेपण खोटं.

डिसेंबरात मी लिहिलं की जाडी किती ते बघून कळवतो. तेव्हा मला म्हाईत होती. लिहिली असती तर तुमी विचारलं असतं, मग दीड हात कुठून आणली. म्हणून लिहिली न्हाई. त्यामुळं दीड महिना गेला. त्या दीड महिन्यात तुमी भिंत पूर्ण केली.

आणि आता साखऱ्याचं. बारवेच्या कठड्याचं काम चाललं होतं. तुमी विचारलं, कोपऱ्याला ओळंबा सोडला का? मी म्हणलो, सोडला. सोडला नव्हता. ओळंबा बारवेच्या पायरीवर राहिला होता आणि उतरायचा कंटाळा आला होता, एवढंच. तुमी तीन थर उतरवले आणि सगळ्या गावासमोर माझ्या मुस्काटात मारली. मी रात गावात काढली न्हाई, सरळ खडकीला जाऊन भरती झालो. दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की उस्तादानं एवढ्याशा गोष्टीवर हात उचलला. हवालदार धर्मसिंगांनापण तेच सांगितलं. ते म्हणले, मग त्यानं बाकीची भिंत कशी काय उभी ठेवली? मी म्हणलो, तुमाला काय कळतं गवंडीकामातलं.

तर आता मोजून लिहितो. ह्या वेळी एकट्यानं मोजलं न्हाई, दोरीचं एक टोक नेल्लोनं धरलं आणि धर्मसिंग बाजूला उभे राहिले.

भिंत खाली अडीच हात जाड. वरच्या मजल्यावर दोन हात. लांबी बासष्ट हात आणि एक वीत. खिडकीची रुंदी अडीच हात. दोन खिडक्यांच्या मध्ये साडेपाच हात, कुठं चार बोटं कमी, कुठं चार जास्त. आरपार सळ्या सहा. खोट्या खिडक्या डावीकडून मोजल्या तर वर दुसरी, चौथी आणि सहावी. खाली दाराच्या दोन्ही अंगाला कडेची एकेक सोडून पुढची.

तुमच्या भिंतीत ह्याच पाच बुजवल्या तर मधला दगड एकेका जागी साडेपाच हाताचा होतो. सळ्यांची गोष्ट वेगळी, त्या आता ओवता यायच्या न्हाईत. पण तेवढं केलं तर माती पेलंल असं मला वाटतं. मला वाटतं म्हणजे मी अर्धवट शिकलेला हाय हे धरून वाटतं. तुमी स्वतः मोजा.

न्हाई केलं तर पहिल्या पावसात त्या घरात किती माणसं निजलेली असतील ते तुमी मला सांगा. मालकांच्या घरात बारा माणसं हायेत. लेकरं वेगळी.

तुमाला राग यायचा तो येऊ द्या. पण माती टाकू नका.

संतराम

•

२१ मे १९४५

उस्ताद चाँद पाशा यांना सलाम.

लढाई संपली असं इथं सगळे म्हणून राहिले. आमाला कधी सोडतील ते कोणी सांगत न्हाई. पूल मोडला होता त्याला आता शोभेचे कठडे बांधायला लावलंय.

नासेरभाईंचं सहा पानांचं पत्र मिळालं. धर्मसिंगांना वाचून दाखवलं, त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मलापण पुन्हा एकदा लिहू द्या, म्हणजे मी बराबर समजलो का ते तुमाला कळंल.

नासेरभाई शिमग्याच्या आदल्या आठवड्यात हट्ट्याला आले आणि तुमाला पत्र वाचून दाखवलं. तुमी मध्ये एकदापण थांबवलं न्हाई. साखऱ्याची ओळ आली तेव्हा चाँदबी चाची म्हणल्या, ‘बघा, कबूल झालं लेकरू,’ आणि तुमी म्हणले, ‘पुढं वाच.’ संपल्यावर तुमी उठले आणि मालकांच्या ओसरीवर गेले. मालक म्हणले, ‘चाँद पाशा, एकदा न्हाई म्हणलं ना.’ तुमी म्हणले, ‘मग मातीला दुसरा माणूस बघा.’ मालक म्हणले, ‘बसमतचे गवंडी काय मेले काय?’ तुमी परत आले.

मग मालक सोयऱ्यांना आणायला वाशिमला गेले, पाच दिवस. बसमतचे गवंडी अजून यायचे होते. आणि त्या पाच दिवसांत तुमी पाचही खिडक्या बुजवल्या. मजूर यायला तयार झाले न्हाईत, मालकाच्या घरात मालकाबिगर कोण हात घालणार. चाँदबी चाची आणि तुमची लेक हलीमा ह्यांनी चुन्याच्या पाट्या वाहिल्या. तुमी साठ वर्षांचे, दुसऱ्या मजल्याच्या परांचीवर उभे राहून दगड बसवत होते आणि खालून लोक म्हणत होते, म्हातारा भ्रमिष्ट झाला. चौकटी तशाच ठेवल्या, बाहेरून झडपा मिटलेल्या.

पुढचा भाग नासेरभाईंनी इतका झकास लिहिलाय की तबेल्यात सगळ्यांना पाठ झालाय. मालक सोयरे घेऊन दारात आले. वर बघितलं. वाशिमचे पावणे म्हणले, ‘ह्या खिडक्या मिटलेल्या काहून?’ मालकांनी तुमच्याकडं बघितलं. तुमी चुना लागलेले हात पुसले आणि म्हणले, ‘मिटलेल्या न्हाईत पावणं, त्या तशाच असतात. इटलीची रीत हाय.’

पावण्यांनी मालकांना विचारलं, ‘व्हय?’

आणि मालक डोळ्याची पापणी न हलवता म्हणले, ‘तीनशे वर्षांची.’

पावणे म्हणले, ‘आमच्याकडं इंग्रजी राज्य असून असं काही बघायला मिळत न्हाई.’

बस. आता मालक सगळ्या तालुक्याला तेच दाखवून राहिले. नासेरभाईंच्या पत्रात त्यांची चिठ्ठी निघाली. ‘खोट्या खिडक्यांना रंग कोणता, पट्ट्या किती, सावली कोणत्या अंगाला, सविस्तर कळव. तसंच मांजराबद्दल तू काही लिहिलं होतंस असं नासेर म्हणतो.’ मालकांना सांगा, हिरवा. मांजर पिवळं. बाकी त्यांना जे करायचं ते करू द्या, रंगानं भिंत पडत न्हाई. भिकाऱ्याच्या थाटाचं मी काही बोलत न्हाई.

माती पडली, माळवद झालं, पाडव्याला पूजा झाली. भिंतीला एक चीर न्हाई असं नासेरभाई लिहितात. मालकांनी तुमाला धोतरजोडी दिली, पण घराच्या मागचं काम बसमतच्या गवंड्यांना दिलं. हट्ट्यात तुमाला आता काम मिळंना म्हणून तुमी साखऱ्याला विहीर बांधायला गेलात. हे नासेरभाईंनी शेवटी एका ओळीत लिहिलंय. मला वाटतं तुमी लिहू नको म्हणले असाल.

आणि आणखी एक ओळ लिहिलीय. ती वाचून मला राग आलाय आणि तो अजून गेला न्हाई. नासेरभाई लिहितात, ‘मी सासऱ्यांना म्हणलो, बुजवायच्या आधी मापं घेऊन बघा, संतरामनंच तसं लिहिलंय. ते म्हणले, कशाला. पोरानं मोजलंय.’

उस्ताद, हे तुमी काय केलं?

ज्यानं जुलैत तुमाला तोंडानं भिंत बांधून दिली, ज्यानं डिसेंबरात म्हाईत असून जाडी दाबून ठेवली, त्याच्या कागदावर तुमी दुसऱ्या मजल्याच्या परांचीवर चढले? चाचींना आणि हलीमाला त्या भिंतीखाली पाट्या वाहायला लावल्या? माझं एक माप चुकलं असतं तर? वर दुसरीच्या जागी तिसरी लिहिली असती तर? मी तुमाला साफ लिहिलं होतं, स्वतः मोजा. चाळीस वर्षं तुमी पोरांना सांगत आले, दुसऱ्यानं मोजलेलं आपलं धरायचं न्हाई, आणि धरायचं ते माझं धरलं?

पत्र मिळालं त्या दिवशी मी जेवलो न्हाई. दोरी घेतली आणि विल्लाकडं गेलो. दवाखाना उठलाय, घर रिकामं हाय, नेल्लो अंगणात जळकी लाकडं वेचत होता. म्हणला, आता काय राहिलं? मी म्हणलो, काही न्हाई, टोक धर. सगळी भिंत पुन्हा मोजली. लांबी, जाडी, प्रत्येक खिडकी, खरी आणि खोटी, दोन्ही मजले. दुपार झाली. नेल्लोनं तीनदा दोरी टाकली आणि तीनदा मी त्याला ती उचलायला लावली. तो त्याच्या बोलीत मला शिव्या देत होता, मी आपल्या.

मापं बराबर हायेत. एकच सांगतो. खालची जाडी मी अडीच हात लिहिली होती, ती दोन बोटं कमी भरते. तुमच्या कामाला त्यानं फरक पडत न्हाई. तरी लिहितो.

मी सुटून येईपर्यंत माझ्या सांगण्यावरून दुसरं काही बांधू नका. साखऱ्याची विहीर कशी बांधायची ते मला विचारू नका. आणि पुन्हा कोणी म्हणलं की पोरानं मोजलंय, तर त्याला म्हणा, मोजलं असंल, दोरी आण.

तुमचा
संतराम